फुफ्फुसाच्या कर्करोगात इम्युनोथेरपी: रक्ताच्या रिपोर्टवरून अंदाज कसा बांधायचा आणि कुठे फसगत होते

पीडी-एल१ (बायोप्सीत गाठीच्या किती टक्के पेशींवर हे प्रथिन दिसतं तो आकडा) ५० टक्के किंवा त्याहून जास्त आला की घरच्यांना हायसं वाटतं. ते साहजिक आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. कीनोट-०२४ या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली आले. तिच्यात असेच निवडक रुग्ण होते: नॉन-स्मॉल सेल प्रकार, पीडी-एल१ किमान ५० टक्के, ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतले बदल नसलेले. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारं) औषध घेतलेल्यांपैकी साधारण ४५ टक्क्यांच्या गाठी ठळकपणे आकसल्या, केमोथेरपीच्या गटात २८ टक्क्यांच्या. पाच वर्षांनी हयात असलेले ३२ विरुद्ध १६ टक्के. औषध चांगलंच आहे, यात वाद नाही. पण सगळ्यात अनुकूल गटातसुद्धा निम्म्याहून अधिक लोकांच्या गाठी तेवढ्या आकसल्या नाहीत, हेही त्याच आकड्यांत दिसतं.

म्हणून बायोप्सीच्या जोडीला रक्ताकडे पाहायचं. आनंदाची गोष्ट अशी की त्यातल्या सर्वाधिक उपयोगाच्या तपासण्या साध्या आहेत: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम), अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन). बहुतेक फायलींत त्या आधीपासूनच असतात, फक्त कुणी एकत्र मांडलेल्या नसतात. हा लेख रुग्णाची फाइल सांभाळणाऱ्या घरच्या माणसासाठी आणि मधल्या काळात रुग्णाला बघणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. उपचाराचा निर्णय ऑन्कॉलॉजिस्टचाच राहील. त्यांच्यासमोर ठेवायचे आकडे मात्र भरवशाचे हवेत.

रोगाचा जोर वेगळा, औषधाची निवड वेगळी

२०१८ साली फ्रान्समधल्या गुस्ताव्ह रूसी संस्थेच्या पुढाकाराने ‘लिपी’ नावाचा निर्देशांक मांडला गेला. त्यात दोनच गोष्टी पाहतात: डीएनएलआर (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचं बाकीच्या पांढऱ्या पेशींशी गुणोत्तर, हिशेब पुढे) ३ च्या वर आहे का आणि एलडीएच त्या लॅबच्या वरच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे का. दोन्ही नसेल तर ‘चांगला’, एक असेल तर ‘मधला’, दोन्ही असतील तर ‘वाईट’ गट. इम्युनोथेरपी घेतलेल्या रुग्णांच्या पहिल्या तुकडीत आयुर्मानाचा मध्यक अनुक्रमे ३४, १० आणि ३ महिने निघाला. केमोथेरपीच्या तुलनागटात असा फरक दिसला नाही, तेव्हा हा निर्देशांक खास इम्युनोथेरपीचं भाकीत करतो असं वाटलं.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने अनेक मोठ्या चाचण्यांमधले रुग्ण एकत्र करून हिशेब केला, तेव्हा चित्र बदललं. लिपी वाईट असलेल्यांचं केमोथेरपीवरही वाईटच होत होतं. म्हणजे हा निर्देशांक रोग किती जोरात आहे आणि शरीर किती पेटलेलं आहे हे सांगतो. ‘इम्युनोथेरपी नको, केमो द्या’ असं तो सांगत नाही.

व्यवहारात सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ‘एनएलआर (न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर) जास्त आहे, एवढं महागडं औषध वाया जाईल’ असं म्हणून इंजेक्शन थांबवायला या आकड्यांत आधार नाही. जास्त एनएलआर असलेल्या रुग्णाला दुसरं कुठलं औषध जास्त लागू पडतं असं सिद्ध झालेलं नाही. हे आकडे वापरायचे ते लक्ष किती ठेवायचं, तपासणीला किती लवकर बोलवायचं आणि घरच्यांशी कोणत्या गोष्टी आधीच बोलून ठेवायच्या हे ठरवायला.

पहिली पायरी: रक्त कधी काढायचं

पहिल्या डोसच्या आधीच्या आठवड्यात, शक्यतो दोन-तीन दिवस आधी. महिन्यापूर्वी ॲडमिट असताना निमोनियात काढलेला सीबीसी ‘बेसलाइन’ (उपचाराआधीचा तुलनेचा आकडा) म्हणून चालत नाही, तरी फायलीत नेमका तोच सापडतो.

सगळ्यात जास्त घोळ स्टेरॉइड घालतं. स्टेरॉइड पोटात गेलं की काही तासांत रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून बाजूला होतात. अंश वाढतो, छेद घटतो, एनएलआर एका रात्रीत दुप्पट होतो, आणि रोगात तसूभरही बदल झालेला नसतो. मेंदूत गाठी असलेल्या रुग्णाला डेक्सामेथासोन चालू असतं, ते सगळ्यांच्या लक्षात असतं. निसटतं ते दुसरंच: पेमेट्रेक्सेड या केमोच्या औषधाच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ घ्यायची ४ मिलिग्रॅमची डेक्सा. इम्युनोथेरपीसोबत पेमेट्रेक्सेड असेल आणि सीबीसी इंजेक्शनच्या दिवशी सकाळी काढला, तर आदल्या दिवशीच्या दोन आणि त्या सकाळची एक अशा तीन गोळ्या तोवर पोटात गेलेल्या असतात. अशा वेळी रक्त आदल्या दिवशी, पहिली डेक्सा घ्यायच्या आधी काढावं.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून: प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम म्हणजे डेक्सामेथासोन दीड मिलिग्रॅम, म्हणजेच आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जाणारं डेफ्लाझाकॉर्ट १२ मिलिग्रॅम. रोजची डेक्सा ८ मिलिग्रॅम असेल तर ती प्रेडनिसोलोनच्या पन्नासहून जास्त मिलिग्रॅमइतकी झाली. एकदोन दिवसांच्या गोळ्यांचा परिणाम साधारण तेवढ्याच दिवसांत ओसरतो, आठवडेच्या आठवडे चाललेल्यांचा ओसरायला वेळ लागतो. पण तपासणी ‘स्वच्छ’ यावी म्हणून चालू स्टेरॉइड स्वतःच्या मनाने बंद करू नका. ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावलेली असते आणि रक्तदाब कोसळू शकतो. फक्त रिपोर्टवर पेनने लिहून ठेवा: कोणतं, किती, कधीपासून.

स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. उपचार सुरू होताना रोज १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांना इम्युनोथेरपीचा फायदा कमी झाला, असं दोन मोठ्या केंद्रांतल्या ६४० रुग्णांच्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं. नंतरच्या एका अभ्यासात कळलं की वाईट झालं ते प्रामुख्याने धाप, भूक, वेदना, मेंदूतली सूज अशा कारणांसाठी स्टेरॉइड घेणाऱ्यांचं. दमा किंवा सांधेदुखीसारख्या कारणासाठी घेणाऱ्यांचं नाही. म्हणजे इथेही दोष मोठा असतो तो आजाराच्या अवस्थेचा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर साधं फिलग्रॅस्टिम थांबवल्यावर आठवडाभर आणि पेगफिलग्रॅस्टिमनंतर किमान दोन आठवडे न्यूट्रोफिलचा आकडा धरू नका. ताप, कफ पिवळा होणं, लघवीचा संसर्ग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया: यांतही थांबता येत असेल तर थांबा. छातीला रेडिएशन झालेल्यांचे लिम्फोसाइट कित्येक महिने कमी राहतात. केमो-रेडिएशननंतर दुर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सुरू करायच्या रुग्णांत तर हे जवळपास ठरलेलंच, त्यामुळे त्यांचा एनएलआर चौथ्या टप्प्याच्या रुग्णांसाठी बनवलेल्या मर्यादांना लावून घाबरण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: नळी, सुई आणि लॅब

सीबीसी जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत घेतात. नळी पूर्ण खुणेपर्यंत भरलेली आणि हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट केलेली हवी. सहा-आठ तासांत मशीनवर लागली तर उत्तम. रात्रभर पडून राहिलेल्या रक्तात पेशी फुगतात, तुटतात आणि मशीन त्यांची विभागणी चुकवतं.

एलडीएच जास्त नाजूक. लाल पेशींत हे एन्झाइम सीरमपेक्षा (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) शंभर पटीहून अधिक असतं, त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. बारीक सुईने सिरिंजमध्ये रक्त ओढून, मग दट्ट्या जोरात दाबून ते नळीत ढकललं की पेशी हमखास फुटतात. व्हॅक्युटेनर असेल तर तोच वापरायला सांगा. घरून सॅम्पल नेणाऱ्या मुलाच्या पिशवीत उन्हाळ्यात तीन तास हिंदकळलेली नळीही तसलीच. तपासून आलेल्या सीरमचा रंग गुलाबीसर असेल किंवा रिपोर्टखाली ‘हिमोलाइज्ड सॅम्पल’ असा बारीक अक्षरातला शेरा असेल, तर तो एलडीएच फेकून द्या आणि नव्याने करा. रक्त गोठल्यावर दोनेक तासांत सीरम वेगळं व्हायला हवं. आणि वेगळं केलेलं सीरम ठेवायचंच झालं तर फ्रिजमध्ये नको, खोलीच्या तापमानाला: एलडीएचचे काही प्रकार थंडीत निकामी होतात आणि आकडा उगाच कमी येतो.

प्रत्येक वेळी लॅब एकच ठेवा. कारण पुढच्या परिच्छेदात.

एलडीएच मोजायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत वरची मर्यादा २२० ते २५० युनिटच्या आसपास असते, दुसरीत ४५० ते ४८० च्या. एका लॅबचा ३१० हा आकडा वाढलेला आणि दुसऱ्या लॅबचा ४२० अगदी नॉर्मल, असं होऊ शकतं. घरातल्या वहीत मात्र ‘३१० वरून ४२० झाला’ अशी नोंद होते आणि सगळे हवालदिल होतात. उपाय सोपा: एलडीएचचा आकडा नुसता लिहायचाच नाही, तो त्याच रिपोर्टवरच्या वरच्या मर्यादेने भागून लिहायचा. ३१० भागिले २२० म्हणजे १.४, आणि ४२० भागिले ४६० म्हणजे ०.९.

तिसरी पायरी: हिशेब

एक नमुना रिपोर्ट घेऊ. टीएलसी (एकूण पांढऱ्या पेशी) ११,२००. न्यूट्रोफिल ७८ टक्के, लिम्फोसाइट १४ टक्के. एलडीएच ३१०, वरची मर्यादा २२०. अल्ब्युमिन ३.४ ग्रॅम प्रति डेसिलिटर. सीआरपी २४ मिलिग्रॅम प्रति लिटर. वजन ५४ किलो, उंची १६५ सेंटिमीटर. स्टेरॉइड नाही, ताप नाही.

आधी टक्क्यांवरून प्रत्यक्ष संख्या काढा. न्यूट्रोफिल ११,२०० × ०.७८ = ८,७३६. लिम्फोसाइट ११,२०० × ०.१४ = १,५६८. बऱ्याच रिपोर्टमध्ये ‘ॲब्सोल्यूट काउंट’ म्हणून हे छापलेलंच असतं, मग गुणाकार वाचला.

एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट: ८,७३६ ÷ १,५६८ = ५.६. सर्वाधिक वापरली जाणारी मर्यादा ५ ची आहे, पण अभ्यासागणिक ती ३ ते ६ अशी फिरते. म्हणून ४.८ आणि ५.२ यांत फरक मानू नये.

डीएनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले (टीएलसी वजा न्यूट्रोफिल): ८,७३६ ÷ २,४६४ = ३.५. छेदात लिम्फोसाइटबरोबर मोनोसाइट वगैरेही आले, म्हणून हा आकडा एनएलआरपेक्षा नेहमी लहान असतो. हे गुणोत्तर आलं कारण जुन्या चाचण्यांच्या नोंदींत टीएलसी आणि न्यूट्रोफिल एवढेच दोन आकडे असायचे. एनएलआरला डीएनएलआरची ३ ची मर्यादा लावणं ही नेहमीची गफलत आहे. तसं केलं तर ‘वाईट’ गटात नसलेले कितीतरी लोक तिथे जाऊन बसतात.

लिपी: डीएनएलआर ३ च्या वर, एलडीएच मर्यादेच्या वर. दोन गुण, वाईट गट.

गुस्ताव्ह रूसी इम्यून स्कोअरमध्ये तीन प्रश्न आहेत: एलडीएच मर्यादेच्या वर, अल्ब्युमिन ३.५ च्या खाली, एनएलआर ६ च्या वर. आपल्या नमुन्यात पहिल्या दोघांना एकेक गुण, तिसऱ्याला शून्य. एकूण २, आणि २ किंवा ३ म्हणजे जास्त धोका.

सुधारित ग्लासगो स्कोअर: सीआरपी १० पर्यंत असेल तर ०, त्याहून जास्त असेल तर १, सीआरपी १० च्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असेल तर २. नमुन्यात २. इथे एककाचा सापळा आहे. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, मग हाच २४ त्यांच्याकडे २.४ छापला जातो आणि नॉर्मल वाटतो.

एएलआय हा चौथा निर्देशांक म्हणजे बीएमआय × अल्ब्युमिन ÷ एनएलआर. बीएमआय ५४ ÷ (१.६५ × १.६५) = १९.८. मग १९.८ × ३.४ ÷ ५.६ = साधारण १२. अठराच्या खाली म्हणजे प्रतिकूल. वजन यात आलं हे बरंच झालं, कारण खंगत चाललेला रुग्ण नुसत्या सीबीसीत दिसत नाही. पण पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर वजनही खोटं बोलतं.

याच रुग्णाने सीबीसीच्या आधी डेक्सा घेतली असती तर? टीएलसी १४,०००, न्यूट्रोफिल ८८, लिम्फोसाइट ८ असा रिपोर्ट अगदी सहज येऊ शकतो. एनएलआर थेट ११, डीएनएलआर ७.३. गाठ तीच, माणूस तोच.

हे चारही निर्देशांक काढायची गरज नाही. त्यांचे घटक तेच ते आहेत, त्यामुळे चार ठिकाणी ‘वाईट’ आलं म्हणजे चार पुरावे झाले असं होत नाही. लिपी आणि अल्ब्युमिन एवढं नीट केलं तरी पुरे.

आकडा चुकीचा कधी समजायचा

डीएलसी (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी) मशीनचा आहे की हाताने मोजलेला, ते विचारा. मशीन हजारो पेशी मोजतं. सूक्ष्मदर्शकाखाली तंत्रज्ञ बहुधा १०० पेशी मोजतात. शंभरात १५ लिम्फोसाइट सापडले तर खरा आकडा ८ ते २४ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो, हा निव्वळ संख्याशास्त्राचा खेळ आहे, तंत्रज्ञाची चूक नाही. पण त्याने एनएलआर ३ च्या खालपासून १० च्या वरपर्यंत हलू शकतो. लहान गावातल्या लॅबचा हाताने मोजलेला डीएलसी या कामासाठी वापरू नये.

एलडीएच वाढलेला आणि हिमोग्लोबिन कमी, लाल पेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही मोठा: आधी बी-१२ तपासा. बी-१२ च्या कमतरतेत अस्थिमज्जेतच पेशी फुटत राहतात आणि एलडीएच कित्येक पटींनी चढतो. वर्षानुवर्षं शुद्ध शाकाहारी असलेल्या ज्येष्ठांमध्ये हे दुर्मीळ नाही. पेमेट्रेक्सेड द्यायचं असेल तर बी-१२ आणि फॉलिक ॲसिड तसंही आधी सुरू करावं लागतं.

क्षयरोग. सीआरपी, एनएलआर, अल्ब्युमिन, वजन हे सगळं तो कर्करोगासारखंच बिघडवतो, आणि एकाच छातीत दोन्ही असू शकतात. इम्युनोथेरपीवर असताना दबलेला क्षय उसळल्याच्या नोंदीही आहेत. आपल्याकडे संध्याकाळचा ताप आणि रात्रीचा घाम असेल तर कफाची तपासणी न करता सगळा दोष गाठीवर टाकू नये.

अल्ब्युमिन सलाइन चढवल्यावर पातळ होतं, उलट्या-जुलाबांत घट्ट होतं. लॅबमध्ये ते दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी मोजतात आणि त्यातलं एक, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन, कमी पातळीवर आकडा थोडा जास्त दाखवतं. ३.४ आणि ३.६ च्या मध्ये गुण द्यायचा की नाही यावर वाद घालू नका.

या आकड्यांचं करायचं काय

लिपी चांगला, चालता-फिरता रुग्ण, पीडी-एल१ जास्त: नेहमीच्या वेळापत्रकाने चला.

लिपी वाईट आला तर पहिलं काम म्हणजे वरची यादी तपासून तो खरा आहे का हे पाहणं. खरा असेल तर डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न हे: पीडी-एल१ ५० च्या वर असला तरी एकट्या इम्युनोथेरपीऐवजी केमो जोडायची का? गाठींचा पसारा मोठा आणि लक्षणं वेगाने वाढत असतील तर बरेच डॉक्टर तसं करतात, कारण इम्युनोथेरपीचा परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि तेवढा वेळ हाताशी नसू शकतो. लिपीवरून निवड करून हे सिद्ध केलेलं नाही, हा अनुभवाचा निर्णय आहे. दुसरा प्रश्न: पहिला सीटी नवव्या आठवड्याऐवजी सहाव्याला करता येईल का? तिसरा: वेदना, धाप आणि आहार पाहणारी पॅलिएटिव्ह टीम आत्तापासूनच जोडायची का? पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकले असं समजून घरचे हा प्रश्न टाळतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

खर्चाबद्दल बोललंच पाहिजे. एकेका चक्राचा खर्च लाखांत जातो, म्हणून ‘कमी डोस चालेल का’ हे विचारलं जातंच. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या चाचणीत दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅम निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने, तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या जोडीने, एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. पण ती चाचणी डोकं-मानेच्या कर्करोगाची होती. फुफ्फुसाच्या रुग्णाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, आणि वरच्या सगळ्या मर्यादा पूर्ण डोसच्या रुग्णांवरून आलेल्या आहेत.

सहाव्या आठवड्यापर्यंत: एका आकड्यापेक्षा दिशा

तिसऱ्या चक्राच्या आधी, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यात, तेच रक्त त्याच लॅबमध्ये पुन्हा. एनएलआर ८ वरून ४ वर आला, एलडीएच मर्यादेत आला, वजन टिकलं, तर लक्षण चांगलं. उलट एनएलआर आणि एलडीएच दोन्ही चढत गेले आणि माणूसही थकत चालला, तर सीटीची तारीख येईपर्यंत थांबू नये.

एलडीएच एकटाच चढला तर ‘रोग वाढला’ हे शेवटी म्हणा. त्याआधी एसजीओटी, एसजीपीटी (यकृतासाठी) आणि सीपीके (स्नायूंसाठी) बघा. इम्युनोथेरपीने यकृताला किंवा स्नायूंना सूज आली तरीही एलडीएच वाढतो. पापण्या जड होणं, मान धरता न येणं, छातीत धडधड, आणि सोबत सीपीके वाढलेला: यात त्याच दिवशी ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची रक्ततपासणी) झालं पाहिजे, कारण हृदयाच्या स्नायूची सूज जीव घेते. बेसलाइनला ट्रोपोनिन, सीपीके, टीएसएच, साखर, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि हिपॅटायटिस बी-सी, एचआयव्ही करून ठेवण्याचं कारण हेच: नंतरच्या आकड्याला मागचा आकडा हवा.

लिक्विड बायोप्सी: कशासाठी घ्यायची, कशासाठी नाही

लिक्विड बायोप्सी म्हणजे रक्तात गळलेल्या गाठीच्या डीएनएची तपासणी. तिचा पहिला आणि सगळ्यात मोलाचा उपयोग म्हणजे ईजीएफआर, एएलके, आरओएस१ यांसारखे जनुकांतले बदल शोधणं. भारतीय रुग्णांत, विशेषतः ॲडेनोकार्सिनोमा या उपप्रकारात, ईजीएफआरचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि अशा रुग्णांना एकटी इम्युनोथेरपी फारशी लागू पडत नाही. पीडी-एल१ चा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो, जनुकांचा दोन-तीन आठवड्यांनी, आणि घाईत इंजेक्शन सुरू होतं. त्याची किंमत नंतर मोजावी लागते. पीडी-१ वर्गातलं (पेम्ब्रोलिझुमॅबसारखं) औषध आधी आणि मग ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची गोळी अशा क्रमाने उपचार झालेल्या ४१ रुग्णांपैकी ६ जणांना गंभीर दुष्परिणाम झाले, २०१९ च्या एका अभ्यासात. इम्युनोथेरपीनंतर तीन महिन्यांच्या आत ओसिमर्टिनिब सुरू केलेल्या २१ जणांत ते ५ होते. उलट क्रमाने औषधं घेतलेल्या २९ जणांत एकही नव्हता. रोग धावत असेल आणि रिपोर्ट यायचा असेल तर पहिलं चक्र फक्त केमोचं देऊन थांबता येतं, हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारा.

नळ्या खास लागतात. पेशी टिकवणारं रसायन असलेल्या स्ट्रेक नळ्या, १० मिलिलिटरच्या दोन, खुणेपर्यंत भरलेल्या. त्या खोलीच्या तापमानाला दोन आठवड्यांपर्यंत चालतात, त्यामुळे कोल्हापूर-नांदेडहूनही कुरिअरने जाऊ शकतात. गोठवायच्या मात्र नाहीत. साध्या ईडीटीएत घेतलं तर काही तासांत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, नाहीतर फुटलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए मिसळून गाठीचा अंश बुडून जातो.

रिपोर्ट ‘काही सापडलं नाही’ असा आला तर तो निगेटिव्ह नव्हे. गाठी लहान असल्या किंवा रोग फक्त छातीत किंवा मेंदूत असला तर डीएनए रक्तात पुरेसा गळतच नाही. मग ऊतकावरच तपासणी हवी. उलट बाजूने, वयपरत्वे अस्थिमज्जेतल्या पेशींत होणारे बदलही रिपोर्टमध्ये येतात. डीएनएमटी३ए आणि टीईटी२ ही नावं दिसली तर ती बहुधा गाठीची नसतात. एसटीके११ किंवा केईएपी१ या जनुकांत बदल दिसला तर एकट्या पीडी-१ औषधाला प्रतिसाद कमी मिळण्याची शक्यता असते. उपचार नाकारायचं कारण ते नव्हे, पण जोडीला काय द्यायचं या चर्चेत ते आलं पाहिजे.

रक्तातला टीएमबी (गाठीच्या डीएनएतल्या बदलांची संख्या) हा स्वतंत्रपणे विकत घेण्यासारखा आकडा नाही. पूर्वीच्या चाचण्यांची माहिती नंतर चाळली तेव्हा १६ किंवा त्याहून जास्त बदल असलेल्यांना अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध जास्त उपयोगी पडल्यासारखं दिसलं होतं. मग तीच मर्यादा आधी ठरवून केलेली बी-फास्ट चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली आणि तिचं मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. टीएमबी पॅनेलमध्ये आपोआप आला तर वाचा, त्यासाठी वेगळे पैसे घालू नका.

जास्त आशा आहे ती ठरावीक अंतराने मोजलेल्या ट्यूमर डीएनएवर. कॅनडातल्या बीआर.३६ चाचणीच्या पहिल्या टप्प्यात, २०२३ साली, पेम्ब्रोलिझुमॅबच्या तिसऱ्या चक्राच्या वेळी रक्तातून ट्यूमर डीएनए नाहीसा होणं आणि स्कॅनवर गाठ आकसणं यांचा मेळ पाहिला: संवेदनशीलता (गाठ आकसलेल्यांपैकी किती ओळखले) ८२ टक्के, विशिष्टता (न आकसलेल्यांपैकी किती ओळखले) ७५ टक्के. चांगलं आहे, पण चारांतल्या एकाच्या बाबतीत चुकणाऱ्या तपासणीवर औषध बदलायचं नसतं. घ्यायचीच असेल तर पहिला नमुना इंजेक्शनच्या आधीच घेतलेला असावा. बेसलाइन नसेल तर सहाव्या आठवड्याच्या ‘शून्या’ला अर्थ राहत नाही: ते शून्यावर आलं की आधीपासूनच शून्य होतं, हे कळायला मार्ग नसतो.

सीईए आणि सायफ्रा २१-१ हे रक्तातले ट्यूमर मार्कर आधी वाढलेले असतील तरच त्यांची चढ-उतार पाहायची. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए थोडा वाढलेलाच असतो, मूत्रपिंड बिघडलं की सायफ्रा वाढतो, आणि नळीत लाळेचा अंश गेला तरी तो वाढतो. इंटरल्यूकिन-८ (सुजेशी संबंधित प्रथिन) जास्त असणं वाईट, हे २०२० च्या मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे, पण रोजच्या कामात ठरवलेली मर्यादा नाही. विरघळलेला पीडी-एल१, प्रथिनांचे संच वगैरे संशोधनापुरते. पॅकेजमध्ये असले म्हणून घेऊ नका.

स्मॉल सेल प्रकारात एलडीएच रोगाचा पसारा चांगला सांगतो, पण लिपी नॉन-स्मॉल सेलच्या रुग्णांवरून बांधलेला आहे. तिथे त्याच मर्यादा गृहीत धरू नयेत.

फायलीतलं पहिलं पान

एका आडव्या कागदावर प्रत्येक तपासणीची एक ओळ: तारीख आणि वेळ, लॅब, टीएलसी, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या, एनएलआर, डीएनएलआर, एलडीएच भागिले मर्यादा, अल्ब्युमिन, सीआरपी एककासह, वजन. शेवटचा रकाना रुंद ठेवा. त्यात त्या आठवड्यातलं स्टेरॉइड, अँटिबायोटिक, पेशी वाढवायचं इंजेक्शन, ताप, रक्त चढवलं असल्यास ते, आणि रुग्ण दिवसातला किती वेळ अंथरुणात होता. अँटिबायोटिकची तारीख सुटू देऊ नका: उपचाराच्या आधीच्या महिन्यात ते घेतलेल्यांचं इम्युनोथेरपीवर कमी बरं झाल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, आणि सर्दीसाठी गल्लीतल्या दुकानातून आणलेल्या पाच गोळ्यांची नोंद डॉक्टरांच्या कागदांत कुठेच नसते.